वगळलेलं दार

लालबाग, मोरजकर चाळ
१२ जून २०२५

नूपुर,

आशीर्वाद आहेतच, ते लिहीत बसत नाही.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन का नाही केला, तर आमची खोली तुला माहीत आहे. कॉलेजची सगळी वर्षं तू इथंच माळ्यावर झोपलीस. फोनवर बोललं की तुझ्या काकांना ऐकू जातं आणि गॅलरीत जाऊन बोललं की सगळ्या मजल्याला. मोबाईलवर टाइप करायला मला येत नाही. बोलून मेसेज पाठवायचा म्हटलं तर परत तेच. म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लागेल तसं लाव. उत्तर मसाल्याच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक, मी तिथं मिरच्या निवडायला असतेच. घरी टाकलंस तर यांना वाचून दाखवावं लागेल.

आता कामाचं. यांच्या हृदयाची झडप खराब झाली हे तुला कळलंच आहे. मोरीपर्यंत गेले तरी अशी धाप लागते की बघवत नाही. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं, छाती उघडायची नाही, तेवढं हे सोसणार नाहीत. पायाच्या नसेतून नवी झडप वर नेऊन बसवायची. ती झडप एवढी महाग की आकडा ऐकून मी डॉक्टरला परत सांगायला लावलं. परत तोच सांगितला. आमचे कागद कुठल्या योजनेत बसले नाहीत. यांचा फंड मागच्या दोन दुखण्यांत संपला.

परवा तू फोनवर म्हणालीस, काकू, आपण फंडरेजिंग करू. मी हं हं केलं, कारण हे समोर होते. कळलं काहीच नाही. तो तुझ्या नोकरीतला शब्द आहे, तुझी संस्था त्यावर चालते, ते ठीक. पण आमच्यासाठी करायचं म्हणजे काय करायचं? आमच्या गॅलरीत त्याला हात पसरणं म्हणतात.

आणि तुझे काका कोण आहेत ते विसरू नकोस. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते, गणपती जवळ आले की ऑफिसातून आल्याबरोबर पावतीपुस्तक काखेत मारून मंडळाच्या वर्गणीला निघायचे. चहासुद्धा उभ्यानं. ऑफिसात साधे क्लार्क, पण गल्लीत यांच्याशिवाय पावती फाटत नव्हती. करी रोडच्या पुलापर्यंत दार सोडलं नाही. देवासाठी ज्याच्या त्याच्याकडं मागितलं आणि स्वतःसाठी शेजारी वाटीभर साखर मागितली नाही. मलाही मागू दिली नाही. अशा माणसाला मी काय सांगू?

त्या शब्दाचं मराठी करून पाठव. मराठी असलं की मला तोंड उघडता येईल.

काकू


पुणे
१८ जून २०२५

काकू,

तुझं पाकीट ऑफिसात उघडलं आणि शेजारच्या टेबलावरची दोघं शिंकायला लागली. मिरची पुण्यापर्यंत आली.

फंडरेजिंग म्हणजे निधी उभारणं. शब्दकोशात एवढंच आहे. माझ्या हाताखाली नवी मुलं येतात त्यांना मी जरा वेगळं सांगते. एखादं काम एकट्याच्या आवाक्यातलं नसलं की ते पुष्कळांचं करायचं, आणि त्यासाठी लोकांकडं सरळ मागायचं. मुलं लाजतात. समोरचा माणूस साधा दिसला की न विचारताच परत येतात. त्यांना मी रागावते. तो देऊ शकणार नाही हे तुम्ही कोण ठरवणार, त्याचं त्याला ठरवू द्या.

हे हात पसरणं नाही गं. रघुकाका इतकी वर्षं जे करत आले तेच आहे, फक्त जिने चढायचे नाहीत. इंटरनेटवर एक पान करायचं. त्यावर काकांचा फोटो, आजार काय आहे, ते कोण आहेत, एवढं लिहायचं. वाचून ज्याला द्यावंसं वाटेल तो देतो. पैसे परस्पर हॉस्पिटलला जातात, तुमच्या हातात येतच नाहीत, त्यामुळं मिंधेपणा नको. तू काकांना सरळ सांग, वर्गणी काढतोय. तो शब्द त्यांचाच आहे.

फोटो मात्र हवेत, एक काकांचा, एक तुझा. दुसऱ्या मजल्यावरच्या अनुजाला मी सांगितलं आहे, ती येऊन काढेल. हसरे नकोत. मला माहीत आहे हे वाचून तू काय म्हणशील, पण नकोत.

नूपुर


लालबाग
२७ जून २०२५

नूपुर,

फोटो मिळाले असतील. अनुजा आली होती, ती बँकवाली. आधी यांचा काढला, झोपलेले असताना. हे जागे झाले तर म्हणाली आधार कार्डासाठी आहे. आधारला झोपलेला माणूस चालतो हे ऐकून हे काही बोलले नाहीत, म्हणजे किती दमलेत बघ. मग माझा. म्हणाली, काकी, डोळ्यांत जरा पाणी येऊ दे. मी म्हटलं, बाई, मिरच्या निवडून निवडून डोळ्यांची ती सवय मोडली, आहे तसा काढ. तिनं काढला. त्यात मी कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी दिसते. कुणी दिले नाहीत तर माझ्यावर ढकलू नका.

यांना सांगितलं, तू म्हणालीस तसंच. म्हटलं, तुमच्या ऑपरेशनसाठी वर्गणी काढतोय, नूपुर बघतेय. हे उशीवरून उठून बसले. ओरडायला दम राहिला नाही म्हणून हळू बोलले, ते जास्त लागलं. म्हणाले, "वर्गणी माणसाची नसते, शके. ज्यानं मागितली आणि ज्यानं दिली ते दोघं एकाच मांडवात आरतीला उभे राहतात. माझ्याबरोबर कोण उभं राहणार?" मी म्हटलं, मी राहते, सही करा. म्हणाले, विषय बंद.

बंद म्हणजे बंदच. शेवटी मी खोटं बोलले. नूपुरची संस्था मोठी आहे, तिथल्या लोकांच्या घरच्यांना दुखण्याला पैसे मिळतात, तिनं अर्ज केला, मंजूर झाला, हक्काचे आहेत. हक्काचे म्हटल्यावर यांचा चेहरा असा सुटला की मला माझीच लाज वाटली. म्हणाले, पोरीनं नाव काढलं. आणि कागदांवर सह्या केल्या, खाली तारीख घालून, ऑफिसात घालायचे तशी.

तेव्हा फोनवर बोलशील तर हेच बोल. तू नाव काढलंस ते असं.

काकू


पुणे
८ जुलै २०२५

काकू,

खोटं बोलायला मला आवडलं नाही, पण काल काकांचा फोन आला तेव्हा बोलले. ते मला थँक्यू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

पान छान चाललंय. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट वेगानं पैसे येताहेत. मंडळाचे सेक्रेटरी म्हणून बुधाजीकाकांनी ते स्वतः गल्लीच्या ग्रुपवर टाकलं. मंडळानंही चांगली मोठी रक्कम दिली. मी त्यांना फोन करून आभार मानले आणि बजावलं की काकांच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. आणि हेही सांगितलं की यंदा वर्गणीसाठी आपल्या दारावर येऊ नका, काकूची ओढाताण चालू आहे. तर ते म्हणाले, अगं, हे तू सांगायला पाहिजे? आम्हाला कळत नाही?

हॉस्पिटलनं ऑगस्टचा शेवटचा आठवडा दिला आहे. तोवर गोळ्या चुकवू देऊ नकोस, पाणी काढणारी तर अजिबातच नाही. छातीत पाणी साठलं तर झडप बसवता येणार नाही असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं.

नूपुर


लालबाग
१३ जुलै २०२५

नूपुर,

वर्गणीचं सांगितलंस ते बरं केलंस. तेवढ्यात गोळ्यांची एक पट्टी येते.

अनुजानं तुझं पान दाखवलं. वर मोठ्या अक्षरांत "रघुवीरला वाचवा". चाळीला आग लागल्यासारखं. आणि खाली कुणी दुबईचा, कुणी बंगलोरचा. एकानं लिहिलंय, काळजी करू नका आजी. मी कुठल्या बाजूनं त्याची आजी? पण दिलेत चांगले, म्हणून सोडून देते.

गोळ्या मी हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत हलत नाही.

काकू


लालबाग
२४ जुलै २०२५

नूपुर,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते. वाईट झालं आहे.

रविवारी वर्गणीची मुलं आली. येणार हे यांना माहीत होतं. सकाळी माझ्याकडून दाढी करून घेतली. इस्त्रीचा शर्ट काढायला लावला. पैसे सुटे करून पाकिटात घातले आणि दाराकडं तोंड करून बसले. मी म्हटलं, कशाला एवढं, ते काय मुलगी बघायला येतात? पण मनात आलं, येणारच नाहीत, तर दमतील आणि झोपतील. माझी अक्कल एवढीच.

आपल्या मंडळाची एक पद्धत आहे, तुला माहीत नसेल. ज्या घरात त्या वर्षात कुणी गेलं असेल त्या घरी पुस्तक उघडायचं नाही. नुसतं उघडायचं नाही असं नाही. दारावरून जाताना मोठ्यानं बोलायचं नाही आणि चपला हातात घेऊन जायचं. ही पद्धत यांनीच घालून दिली. मुलांच्या तीन पिढ्यांना यांनी हे शिकवलं असेल.

मुलं शेजारी पद्मजाकडं आली. हे दे, ते दे, हसणं, पावती फाटल्याचा आवाज, सगळं भिंतीतून ऐकू आलं. यांनी शर्टाची कॉलर नीट केली. मग सगळं एकदम शांत झालं. दार सताड उघडं होतं. मुलं आमच्या दारावरून गेली, माना खाली, चपला हातात. पलीकडच्या दाराशी पोचली आणि तिथं परत बोलायला लागली.

मी सांगते, त्यांच्या मनात काही नव्हतं. काका आजारी, झोपमोड नको, एवढंच. चांगल्या घरची मुलं आहेत.

यांनी पाकीट माझ्याकडं दिलं. मग म्हणाले, "शके, आपल्यात कोण गेलं?"

मी म्हटलं, तुम्ही झोपला असाल असं वाटलं असेल त्यांना. म्हणाले, मी दारात बसलोय. मग माझ्याकडं बघितलं. वर्गणीतलं यांना काय कुणी शिकवायचं? मंडळ दोनच घरं सोडतं, एक गेलेल्याचं आणि दुसरं ज्याला मंडळानं स्वतः हात दिला त्याचं. त्यांनी विचारलं, मंडळाचे घेतलेस? मला परत खोटं बोलता आलं असतं. कंटाळा आला होता. सगळं सांगितलं, तुझं पान, आधारचा फोटो, सगळं.

रागावले नाहीत. रागावले असते तर मी पण दोन शब्द सुनावले असते. विचारलं, दुबईचा कोण? मी म्हटलं, मला काय माहीत. म्हणाले, मग त्याला प्रसाद कसा पोचवणार? ज्यानं दिलं त्याच्या दारात प्रसाद गेलाच पाहिजे, हे यांचं. मी म्हटलं, त्याला नकोय प्रसाद. यांनी शर्ट काढून दिला, नीट घडी घालायला सांगितली.

तेव्हापासून गोळी नाही. हातावर ठेवते, हे हात उलटा करतात. तोंडात कोंबली तर थुंकतात. ऑपरेशन नको म्हणतात. "ज्याला गल्लीनं मोजायचं सोडलं त्याला झडप कशाला," हे त्यांचं वाक्य. तेवढंच बोलतात आणि भिंतीकडं तोंड करतात.

बुधाजीकडं गेले होते. म्हटलं, मुलांना परत पाठव, मागायला सांग. तो खुर्चीतून उठला, बसला, परत उठला. म्हणाला, वहिनी, आम्हीच दिले आणि आम्हीच हात पुढं करायचा? आजारी माणसाच्या खिशात हात घातला म्हणून लोक तोंडात शेण घालतील. त्याचं पण खोटं नाही.

हे तू सांगितलंस म्हणून झालं आणि मी बरं केलंस म्हटलं म्हणून झालं. कुणाचं किती ते वाटत बसायला वेळ नाही. पाय सुजायला लागलेत. बुधाजीशी बोल. तू शिकलेली आहेस, तुझं ऐकेल.

काकू


पुणे
३० जुलै २०२५

काकू,

पत्र वाचून जिन्यात जाऊन बसले. परत आत आले तेव्हा त्याच नव्या मुलांना शिकवायचा तास होता. समोरचा देऊ शकणार नाही हे तुम्ही ठरवू नका, असं मी सांगायला लागले आणि पुढं बोलताच येईना. पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले.

बुधाजीकाकांशी तीनदा बोलले. पहिल्यांदा ते रागावले, दुसऱ्यांदा रडले. आज म्हणाले, येत्या रविवारी मुलांना घेऊन स्वतः येतो. मी त्यांना एवढंच सांगितलं की शेजारच्या घरी मागता तसंच मागा.

तू तोवर काकांना गोळ्या दे, कशातही घालून दे. खिमटात कुटून घाल. मी आत्ता निघाले असते, पण ते मला बघून आणखी भिंतीकडं वळतील असं वाटतं. वळतील की नाही, तू सांग. तू ये म्हणालीस तर येते.

नूपुर


लालबाग
४ ऑगस्ट २०२५

नूपुर,

काल आले. चार मुलं, त्यांच्याबरोबर अनुजा, तिनं यंदा वर्गणीत नाव दिलंय, आणि सगळ्यांच्या मागं बुधाजी. बुधाजीच्या हातात शाल आणि नारळ. मी ते दारातच काढून घेतलं आणि मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं. म्हटलं, सत्कार करायचा असेल तर मेल्यावर कर.

हे पडूनच होते. मुलांपैकी मोठा पुढं झाला आणि म्हणाला, काका, वर्गणी. तुम्हाला जे वाटेल ते द्या.

हे तोंड न वळवता म्हणाले, "जे वाटेल ते देवळाच्या पेटीत टाकतात. पुस्तक बघ, गेल्या वर्षी काय दिलं ते वाच आणि माग."

मुलानं बुधाजीकडं बघितलं. बुधाजीनं लादीकडं बघितलं. पुस्तक त्या पोराच्या हातात तसंच बंद. यांनी चादर वर ओढून घेतली. मला वाटलं, संपलं.

अनुजानं त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं. खाटेच्या कडेला, अगदी यांच्या पायाशी, बसली.

"काका, गेल्या वर्षी पाचशे एक दिलेत. यंदा अकराशे एक."

चादर खाली आली.

"अकराशे? मूर्तीला सोन्याचे कान लावताय?"

"मांडववाल्यानं भाव वाढवलेत. पद्मजाकाकींनी अकराशे दिले."

"पद्मजाचा मुलगा एअरपोर्टला आहे. मी पेन्शनवर आहे."

"पेन्शन गेल्या वर्षी पण होती."

"सातशे एक घे आणि जा."

"सातशेला मी जागची उठणार नाही. बसते इथंच, जेवायला पण इथंच वाढा."

हे उठून बसले, नूपुर. कुणी हात न देता. धाप लागली होती, पण धापेच्या मधे मधे घासाघीस चालूच. मांडववाल्याला कोण ओळखतं, लाइटिंगचं बिल कुणी तपासलं, विसर्जनाच्या ट्रकचा दर बुधाजीला कसा फसवून लावला, सगळं काढलं. बुधाजी मागून म्हणाला, रघ्या, ट्रकचं तू काढू नकोस. शेवटी नऊशे एकवर ठरलं. मी पाकीट दिलं. यांनी पैसे दोनदा मोजले, अनुजाला परत मोजायला लावले, पावती उजेडात धरून नाव वाचलं. अनुजाचे डोळे भरून आले होते, पण आवाज तिनं खाली येऊ दिला नाही. हे तिला म्हणाले, मागताना तुझा आवाज पडत नाही, टिकशील. ती उठून गेली ती जिन्यात जाऊन रडली. ते मी बघितलं, यांनी नाही.

मुलं गेल्यावर यांनी स्वतः गोळीसाठी हात पुढं केला. म्हणाले, झडप बसवू. नूपुरला कळव, आणि सांग की त्या दुबईवाल्याचा पत्ता काढ.

पण पाय खांबासारखे झालेत. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. आडवं झालं की श्वास पुरत नाही, बसूनच झोपतात. उद्या डॉक्टरकडं नेते. आनंदाचं पत्र लिहायला बसले होते, खाली येईपर्यंत हे असं झालं.

काकू


पुणे
९ ऑगस्ट २०२५

काकू,

तुझं पत्र मी चार जणांना वाचून दाखवलं. "जेवायला पण इथंच वाढा" ला सगळे हसले. अनुजाला माझ्या ऑफिसात नोकरी देते म्हणून सांग.

पैसे काल पूर्ण झाले. पानावर पैसे घेणं मी बंद केलं. मी दोन आठवड्यांची रजा टाकली आहे, वीस तारखेला येते. काकांना सांग, दुबईच्या माणसाचं नाव बुद्धभूषण आहे, मूळचा आपल्या परळचाच, त्याचे वडील मिलमध्ये होते. त्याला मेल केली तर म्हणाला, प्रसाद आईकडं पोचवा, ती नायगावला असते.

पाण्याची गोळी आता दुप्पट दिली असेल ना? उतरेल सूज. नक्की उतरेल.

नूपुर


पुणे
३० ऑगस्ट २०२५

काकू,

तेरावं करून आले तेव्हापासून रोज पत्र लिहायला बसते आणि उठते.

मी वीसला येणार होते. अनुजाचा फोन चौदाला आला आणि मी पोचले तेव्हा तुम्ही सगळे हॉस्पिटलच्या खालच्या दारात उभे होता. डॉक्टर मला म्हणाले, छातीतलं पाणी उतरवता उतरवता किडनीनं दगा दिला, दोन आठवडे आधी आला असता तर वेगळं झालं असतं. दोन आठवडे. मी कुणालाही न विचारता बुधाजीकाकांना केलेला एक फोन. तू मला एकदाही काही बोलली नाहीस, आणि ते मला सहन होत नाही.

हे लिहायचं नव्हतं. कामाचं लिहायचं होतं. पैसे हॉस्पिटलकडं तसेच आहेत. नियमाप्रमाणं ते देणाऱ्यांना परत करता येतात, किंवा त्यांच्या परवानगीनं दुसऱ्या पेशंटला देता येतात. ते तू ठरव. आणि लोक विचारताहेत, रघुवीर कसे आहेत. पानावर काहीतरी लिहायला हवं. माझा रोजचा धंदा आहे हा, असे मजकूर मी शेकड्यांनी लिहिलेत. हा लिहिता येत नाही. तू दोन ओळी सांगशील?

नूपुर


लालबाग
९ सप्टेंबर २०२५

नूपुर,

पानावर हे लिही. रघुवीर गेले. झडप बसवायची राहिली. तुमचे पैसे तुम्हाला परत मिळतील. ज्यांना परत नको असतील त्यांनी कळवावं, हॉस्पिटलात यांच्या बाजूच्या खाटेवर एका बाईचा भाऊ आहे, त्यालाही तीच झडप लागते. त्या बाईला मी विचारलं, तिला चालेल. तिला विचारल्याशिवाय फोटो काढू नका. एवढंच लिही. वरचं ते "रघुवीरला वाचवा" आधी काढ.

नायगावला मी आणि अनुजा जाऊन आलो. म्हातारी घरी होती. प्रसाद दिला. चहा केला तिनं. यांचं काम होतं, झालं.

आता तुझं. तुझ्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही. म्हणत नाही म्हणजे कधी मनात आलंच नाही असं समजू नकोस. आलं. माझ्याबद्दल पण आलं, बरं केलंस असं मीच लिहिलं होतं, तेही गोळ्यांच्या पट्टीसाठी. यांच्याबद्दल तर रोज येतं. एवढा हट्ट कशाला करायचा माणसानं? गोळी घ्यायची आणि मग रुसायचं होतं. स्वयंपाक करताना मी भांडते त्यांच्याशी. आपण तिघंही आहोत त्यात. तू एकटीनं सगळं उचलून नेऊ नकोस, मला माझा वाटा लागतो.

इथं सगळे देतात. सकाळचा डबा पद्मजाचा, रात्रीचा खालून येतो. बुधाजीनं गॅसचा नंबर लावला. दुकानाचा शेठ म्हणाला, महिनाभर येऊ नका, पगार चालू राहील. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन मिरच्यांपुढं बसले, तर बायकांनी माझं पोतं आपल्याकडं ओढून घेतलं. काकी, तुम्ही नुसत्या बसा.

काल संध्याकाळी पद्मजाला विरजण लागलं. इतकी वर्षं ती माझ्याकडून नेते, आणि इतकी वर्षं मी कुरकुर करून देते. काल ती वाटी घेऊन बाहेर आली, माझ्या दाराशी थांबली, मी आत बसलेली दिसले. मग पुढं गेली, पलीकडच्या दारावर. चांगुलपणानं गेली. मला राग सुद्धा करता येईना. घरात दही होतं. ते रात्री मी टाकून दिलं.

यांना त्या रविवारी काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं होतं असं वाटत होतं. नव्हतं कळलं.

तर तू माग. पुण्यात सगळं मिळतं हे मला सांगू नकोस. मसाला लागत असेल, लोणचं लागत असेल, रात्री एकटीला घर खायला उठतं म्हणून मी चार दिवस येऊन राहायला पाहिजे असेन, काय असेल ते. पण खरोखर लागत असेल तेच माग. माझ्यासाठी म्हणून उगाच मागितलंस तर मला कळेल.

काकू